बगळ्याचे ध्यान

पशुपक्ष्यांचीही महाविद्यालये होती, त्या काळची ही कथा. वेणुवन महाविद्यालयाने प्रथमच फुटबॉलचा संघ उभारला आणि गोल राखण्याचे काम धवल बगळ्याकडे आले. पहिल्याच सामन्यात तो एका पायावर निश्चल उभा राहिलेला पाहून संघातली माकडे ओरडली, "अहो बुवा, हे बकध्यान तळ्यावर करा!"

धवल ओशाळला. आपण ढोंगी ठरू नये म्हणून पुढे तो सारखा उड्या मारू लागला. तो डावीकडे झेपावे आणि चेंडू उजवीकडून आत जाई. संघ हरतच गेला. शेवटी प्राचार्य गजराजांनी बजावले, "आता उरलेला सामनाही हरलात, तर संघ मोडीन."

त्या सामन्यात वेणुवन एका गोलाने पुढे होते. अखेरच्या क्षणी प्रतिपक्षाचा कोल्हा चेंडू घेऊन एकटाच समोर आला. धवल उड्या मारून थकला होता. "देवा, आता तूच राख," असे पुटपुटत त्याने नकळत एक पाय उचलला. कोल्ह्याने डावीकडे हूल दिली, उजवीकडे दिली; बगळा हलला नाही. मग चेंडू सुटला आणि त्याच्या पंखांत अलगद विसावला.

माकडे धावत आली. "बुवा, हे ध्यान पहिल्यापासून का नाही लावलंत?"

धवलने कोंडलेला श्वास सोडला आणि मगच दुसरा पाय जमिनीला टेकवला.