भिवा कोष्ट्याचं बुटकं घर

भिवा कोष्टी अंगणात ताडासारखा दिसायचा आणि घरात शिरला की कमरेत मोडायचा. छप्पर इतकं खाली, की ताठ उभं राहायला जावं तर डोक्यावर टेंगूळ! नव्यानं लग्न होऊन आलेल्या सगुणेनं पहिला महिना नवऱ्याच्या कपाळाला हळद लावण्यातच घालवला. मग तिनं ठरवलं, छप्पर वर उचलायचं.

पण ते काही सोपं नव्हतं. तिथल्या रणधवल राजाला महालाच्या सज्ज्यातून तळं बघायची भारी हौस. कुणाचं घर उंच झालं की तळ्याचा एक तुकडा झाकला जायचा. म्हणून त्यानं दवंडीच पिटली होती, की परवानगीशिवाय कुणी घर वाढवलं तर ते पाडलं जाईल.

सगुणा दरबारात गेली. राजा नाही म्हणाला. ती पुन्हा गेली, पुन्हा गेली. शेवटी राजा वैतागला.

"छप्पर बोटभर वर जाता कामा नये. भिंत बोटभर बाहेर सरकता कामा नये. तरी पौर्णिमेला तुझा नवरा घरात ताठ उभा दिसला, तर देईन परवानगी. नाही दिसला, तर आहे ते घरही पाडीन."

सगुणा बरं म्हणून घरी आली. भिवानं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. तिनं त्याच्या त्याच हातात कुदळ दिली.

दोघांनी घरातली जमीनच खणायला घेतली. भिंतींचा पाया ढासळू नये म्हणून कडेनं रुंद कट्टा ठेवला, मधली माती पाट्या भरभरून बाहेर काढली, उतरायला पायऱ्या केल्या, सगळं शेणानं सारवलं. दारातून पाणी आत शिरू नये म्हणून उंबरा तेवढा उंच केला.

पौर्णिमेला राजा कारभाऱ्यांना घेऊन आला. कारभाऱ्यांनी दोरी लावून छप्पर मोजलं, भिंती मोजल्या. सगळं होतं तिथंच होतं. राजा वाकून आत शिरला, तर खाली भिवा खांबासारखा ताठ उभा. राजाच्या ओठांवर हसू फुटणार, तोच कारभारी पुढं सरसावले. जमिनीखालचं सारं सरकारचं असतं, म्हणाले. हिनं सरकारची जागा खणली. घर पाडलंच पाहिजे.

भिवा जागच्या जागी पुन्हा वाकला. सगुणेनं एकदा खड्ड्याकडं पाहिलं, एकदा राजाकडं, आणि तिला हसूच यायला लागलं. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "कारभारी म्हणतात ते खरं आहे, महाराज. घर आमचं, खड्डा तुमचा. आम्ही आमच्या घरात काहीच वाढवलं नाही. वाढलं ते तुमचं. आता तुम्ही आमच्या घरात एवढं मोठं काम काढलंत, तर आधी आमची परवानगी घ्यायला नको होती का?"

कारभाऱ्यांच्या हातातली दोरी गळून पडली. राजा एवढा हसला, एवढा हसला, की त्याला कट्ट्यावर बसावं लागलं. डोळे पुसत त्यानं हात जोडले.

"चुकलं बाई. आता तरी देतेस का परवानगी?"

"दिली," सगुणा म्हणाली.

राजानं तिला छप्पर उचलायची मुभा दिली, वर सरकारी वखारीतली सागवानी तुळई दिली. आणि जाता जाता कारभाऱ्यांना बजावलं, की यापुढं कुणाला घरात फेरफार करायचा असेल, तर त्यानं आधी सगुणेला भेटावं.