जोखीम कुणाची

शुद्धलेखन माझं कच्चं आणि शब्दही साधेच; तेवढं सांभाळून घ्या.

सातपुड्यातल्या एका पाड्यावर मोगराबाई वसावे आणि त्यांच्या गटातल्या बाया कैऱ्या चिरून आमचूर वाळवायच्या. वळवाचा पाऊस आला की माल काळा पडे आणि वर्षाची कमाई जाई. गरिबी हटवणाऱ्या धंद्यांत पैसा गुंतवणारे कर्णिकसाहेब पुण्याहून आले. बायांना अंगणात मावतील अशी, माल झाकून उन्हावर वाळवणारी छोटी यंत्रं हवी होती. साहेबांनी मात्र विजेवरचं मोठं यंत्र ठरवलं होतं, आणि पाड्यावर वीज असते दिवसातून चार तास.

"पैसा माझा, जोखीम माझी, म्हणून निवडही माझीच," साहेब म्हणाले.

मोगराबाईंनी विचारलं, "यंत्र बंद पडलं तर तुमच्या घरची चूल किती दिवस थंड राहील, साहेब?"

"एकही दिवस नाही," साहेब हसले.

"आमची पावसाळाभर राहील. मग जोखीम कुणाची? आमच्याकडे नदी ओलांडायचा उतार दाखवणारा आधी स्वतः पाण्यात शिरतो. तुम्ही तर काठावर उभे राहून आम्हाला वाट सांगताय."

बाया पदराआड हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब एकटेच आले, बायांमध्ये बसून टोपलीभर कैऱ्या चिरल्या, अंगठा कापून घेतला आणि मग विचारलं, "छोटी यंत्रं किती लागतील?"