शेवटचा कान

एकदा एका ध्वनिमुद्रकाला आपल्या सगळ्या यंत्रांचा संशय येऊ लागला.

माणूस आपल्या कामात नावाजलेला होता. गायक गाऊन जात, वादक वाजवून जात, आणि मग हा आपल्या स्टुडिओत बसून त्या मुद्रणावर शेवटचा हात फिरवी. कुठे आवाज उचलायचा, कुठे दाबायचा, कोणते सूर उजळायचे हे तो एकटा ठरवी. त्याने मान्यता दिली की गाणे जगापुढे जाई. त्याच्या वर्तुळात त्याला ‘शेवटचा कान’ म्हणत, आणि हे नाव त्याला मनातून फार आवडे.

त्या दिवसांत त्याच्या हाती एका वृद्ध गायिकेचे मुद्रण होते. हे आपले अखेरचे, यानंतर गाणे फक्त घरात, असे बाईंनी सांगून ठेवले होते. त्याने तयार केलेली प्रत ऐकून बाईंचा निरोप आला, “आवाज पत्र्यासारखा लागतोय. शब्दात ‘स’ आला की तेलात मोहरी पडल्यासारखं तडतडतं.” त्याने पुन्हा हात फिरवला. दुसरी प्रत त्यांना आणखी बोचली. तेव्हा बाई फोनवर खालच्या आवाजात म्हणाल्या, “तुमची चूक नाही हो. गळाच गेला असणार माझा. शनिवारपर्यंत बघा काही जमतंय का. नाहीतर हे बाहेर काढूच नका.”

ध्वनिमुद्रक यावर काही बोलला नाही.

इथे वाचकाने जरा थांबावे. मुद्रणाच्या दिवशी काचेपलीकडे बसून त्याने बाईंचे गाणे ऐकले होते. गळा स्वच्छ होता. हे त्याला पक्के ठाऊक होते. तरीही ‘नाही बाई, गळा उत्तम आहे’ हे साधे वाक्य त्याच्या तोंडून निघाले नाही. कारण गळा उत्तम असेल तर दोष दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि ते ‘कुठेतरी’ शोधण्याची त्याला भीती वाटत होती. भित्र्या माणसाचे मौन सभ्य दिसते. ते सभ्य नसते.

मग त्याने यंत्रांवर राग काढायला सुरुवात केली. स्पीकर हलवले, तारा बदलल्या, भिंतीवरचे पडदे काढले आणि पुन्हा लावले. तरी त्याला गाणे बंद खोलीतून आल्यासारखे वाटे. शेवटी त्याचा संशय डॅकवर आला. संगणकात साठवलेले गाणे म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करून ती स्पीकरकडे धाडणारे यंत्र म्हणजे डॅक. ही पायरीच मळकट असेल तर पुढचे सगळे मळकट, असा त्याचा तर्क होता. तर्क बरोबर होता. त्याच्या यंत्राला मात्र तो लागू नव्हता.

एका व्यापाऱ्याने त्याला अतिशय उंची डॅक वापरून पाहायला आणून दिला. अशा गोष्टींत व्यापाऱ्याला लबाड ठरवले की वाचकाला हायसे वाटते. हा व्यापारी लबाड नव्हता. त्याने उत्तम वस्तू आणली, ती नीट जोडून दिली आणि तिच्या पडद्यावर दिसणारे वेगवेगळे फिल्टर समजावून सांगितले. एका फिल्टरने वरचे सूर, म्हणजे ‘स’ची धार आणि तारांची झिणझिण, किंचित मऊ होतात, दुसऱ्याने किंचित कडक. फरक बारीक आहे, हेही तो बोलला. ध्वनिमुद्रकाने सगळे फिल्टर लावून पाहिले. गाणे तरीही बंद खोलीतलेच.

“साहेब, डॅकची पेटी नवी आहे. थोडे दिवस चालू ठेवा, मुरू द्या,” व्यापारी म्हणाला.

“लोणचं आहे का ते?” ध्वनिमुद्रक ओरडला. “शनिवार आज आहे!”

शनिवार खरोखरच उजाडला होता. दुपार कलली. अखेर त्याने आपल्या गुरूंना फोन करून बाई काय म्हणाल्या ते सगळे सांगितले. गुरू म्हणजे रेडिओवर उभे आयुष्य ध्वनिमुद्रणात घालवलेले एक म्हातारे गृहस्थ. सगळे त्यांना आबा म्हणत. आबा आता श्रवणयंत्र लावत. ही गोष्ट शिष्याला ठाऊक होती, पण भिडेपोटी त्याने तो विषय कधी काढला नव्हता.

आबा रिक्षाने आले. आल्याआल्या त्यांनी पाणी मागितले आणि ते सावकाश प्यायले. शिष्य येरझाऱ्या घालत होता.

“बस की रे प्रल्हादा. तू फिरलास म्हणून आवाज सुधारणार आहे का?”

“आबा, संध्याकाळी बाईंना उत्तर द्यायचंय. हे जमलं नाही तर त्या गाणं मागे घेतील.”

“बरं. आधी पेटी बघू.”

आबांनी डॅकच्या मागच्या तारा हाताने चाचपल्या. फिल्टर पहिल्यावर आणून ठेवला आणि त्याला पुन्हा हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. आवाजाची पातळी ठरवून तिथेच थांबवली. कारण तेच गाणे जरा मोठ्याने लावले की माणसाला ते अधिक चांगले वाटते, आणि या फसवणुकीत भलेभले सापडतात. मग ते व्यापाऱ्याकडे वळले. “शेठ, पेटी उत्तम आहे. हिची काही तक्रार नाही.”

“मी तेच सांगतोय आबा!” व्यापारी म्हणाला.

“तुम्ही सांगितलं तर विक्री होते. मी सांगितलं तर निदान होतं.”

त्यांनी बाईंचे मूळ मुद्रण लावायला सांगितले, शिष्याने हात न फिरवलेले. तंबोरा सुरू झाला. त्यावर बाईंचा पहिला षड्ज आला आणि आबांची बोटे मांडीवर स्थिर झाली.

“बघितलंत?” शिष्य म्हणाला. “पांघरूण घेऊन गातायत.”

“तुला हवं तसं लाव.”

शिष्याने वरचे सूर उचलले. आणखी उचलले. प्रत्येक वेळी तो आबांकडे पाही आणि आबा नुसते बसून राहत. अखेर तो मागे रेलला. “आता उघडलं! ऐका, तंबोऱ्याची जवारी कशी झिणझिणतेय.”

आबांच्या डाव्या डोळ्याखालची शीर उडत होती. त्यांनी दोन्ही हात कानांपाशी नेले, दोन्ही श्रवणयंत्रे काढली आणि त्या उंची पेटीच्या झाकणावर ठेवली. मग डोळे मिटून त्यांनी तोच तुकडा पुन्हा लावायची खूण केली. गाणे संपल्यावर ते मोठ्याने म्हणाले, “वा! आता अगदी सुरेख लागलंय.”

व्यापाऱ्याला हसू आले, पण शिष्याचा चेहरा पाहून त्याने ते गिळले.

“आबा, ही थट्टेची वेळ आहे का? मी इथे मरतोय, आणि तुम्ही यंत्र काढून गाणं ऐकताय?”

आबांनी यंत्रे पुन्हा कानांत बसवली. “काय म्हणालास?”

शिष्याने ते पुन्हा म्हटले नाही.

“थट्टा नाही,” आबा म्हणाले. “यंत्र कानात होतं तेव्हा तुझा तो ‘स’ मला टाचणीसारखा टोचत होता. काढलं, आणि तोच गोड लागला. माझ्या उघड्या कानाला वरचे सूर पोचतच नाहीत. जवारीची झिणझिण जाते, शब्दाची धार जाते. म्हणजे तू बाईंचं गाणं अशा माणसासाठी लावलंयस, ज्याला ते सूर ऐकू येत नाहीत. असं अचूक, अगदी मापात कोण लावू शकेल? ज्याला स्वतःला तसंच ऐकू येतं, तोच.”



“म्हणजे माझे कान गेले?”

“ते मला विचारू नकोस, मी कानाचा डॉक्टर नाही. पण हे बघ.” त्यांनी कानामागे बोट ठेवले. “या एवढ्याशा वस्तूच्या पोटातही तुझ्या पेटीसारखंच काम चालतं. आवाजाचे आकडे, आकड्यांचा पुन्हा आवाज. गाणं यातून तुझ्या पेटीइतकं छान लागत नाही, हे मान्य. फरक एकच. हे जुळवण्याआधी दवाखान्यातल्या एका पोरीने मला बंद खोलीत बसवून माझे कान मोजले. तू मात्र इतके दिवस पेटी मोजतोयस.”

“लोकांना कळलं तर?” शिष्य म्हणाला. “बहिऱ्या ध्वनिमुद्रकाला काम कोण देईल आबा?”

ज्यांना अशा वेळी गुरूने पाठीवर हात ठेवून ‘सगळे ठीक होईल’ म्हणावे असे वाटते, त्यांची निराशा होईल. आबा तसे म्हणाले नाहीत, कारण ते खरे नव्हते.

“काहीजण देणार नाहीत,” ते म्हणाले. “काही देतील. शेजारी चांगल्या कानाचं माणूस बसवून काम करता येतं. तुला ऐकू येत नसेल, पण काय ऐकायचं ते तर कळतं. ते सगळं पुढचं. आत्ता एक बाई तुझ्या कानाचं दुखणं स्वतःच्या गळ्यावर घेऊन बसली आहे. तिला अजून किती वेळ तशी बसवणार आहेस?”

शिष्य उठला. त्याने फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. व्यापारी काही न सुचून दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

“बाई, मी प्रल्हाद बोलतोय. त्या प्रतींचं… चूक माझी आहे. मला वरचे सूर कमी ऐकू येतायत असं दिसतंय. म्हणून मी ते वाढवत गेलो, आणि तुमचा आवाज चिरका झाला. मूळ मुद्रण उत्तम आहे. सोमवारी मी कान तपासून घेतो. तुमचं गाणं मी दुसऱ्या कुणाला देऊ, की शेजारी तुमच्या विश्वासाचं कुणीतरी बसवून मी करू, ते तुम्ही सांगा.”

शिष्याने आबांकडे पाहिले. आबा जमिनीकडे पाहत होते.

“म्हणजे,” बाई म्हणाल्या, “माझा गळा गेलेला नाही?”

“नाही, बाई.”

“आणि हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं?”

त्याने क्षणभर डोळे मिटले. “गळा चांगला आहे हे ठाऊक होतं.”

“मेल्या,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज भरून आला होता की त्या चिडल्या होत्या, ते कळेना. “रियाज बंद केलाय मी. तंबोरा गवसणीत घालून ठेवलाय.” मग त्यांनी घरातल्या कुणाला तरी हाक मारली, “अगं, तो तंबोरा काढ बाहेर. हो, आत्ताच काढ.”

फोन त्यांनी तसाच बाजूला ठेवला असावा. गवसणीची नाडी सुटली, कुणीतरी काही बोलले, आणि मग तारा जुळवल्या जाऊ लागल्या. आधी उतरलेल्या, मग हळूहळू वर येणाऱ्या.

ध्वनिमुद्रकाने फोन बंद केला नाही. तो उभ्यानेच ऐकत राहिला. त्याला सगळे ऐकू येत नव्हते, आणि आता ते त्याला ठाऊक होते.