वायरवाली की बॅटरीवाली

"बुवा, एकच सांगा. वायरवाली ठेवू का बॅटरीवाली?"

दिगू सुताराने दोन्ही मशिनी सिदूबुवांच्या पुढ्यात मांडल्या होत्या, बाजारात बैल उभे करावेत तशा. सिदूबुवा पेरू खात होते. त्यांनी आधी एका मशीनकडं बघितलं, मग दुसरीकडं, मग पेरूकडं. पेरू त्यांना जास्त पटला असावा.

"कसल्या आहेत?"

"रंधामशिनी. लाकूड गुळगुळीत करायच्या. ही जुनी, वायरवाली. आणि ही... कॉर्डलेस."

कॉर्डलेस म्हणताना दिगूचं तोंड असं व्हायचं, जसं काही तो शब्द त्यानंच रंधून पॉलिश करून आणलाय.

आता तुम्ही म्हणाल, मशीनचा प्रश्न बुवाला कशाला? पण धुळोबाच्या माळाखालच्या गावांची रीतच अशी. म्हैस कधी विणार, पोरीला कुठलं स्थळ बघायचं, मोबाईलमध्ये कुठल्या कंपनीचं कार्ड घालायचं, सगळं सिदूबुवांना विचारायचं. बुवांना यातलं काही कळत नसे. पण उत्तर देताना ते चाचरत नसत, आणि लोकांना बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

"यातली एक विकायचीय," दिगू म्हणाला. "तालुक्याला गिऱ्हाईक थांबलंय. दोन्ही ठेवायला शेडमध्ये जागा नाही."

"वायरवालीत वाईट काय?"

"वायर पायात येते. लाईट गेली की बसा हात चोळत."

"मग ती विक."

"पण जोर तिलाच, बुवा. गाठीचं लाकूड आलं की बॅटरीवाली दमते. ऐन कामात मान टाकते."

"मग बॅटरीवाली विक."

"पण ही कुठंही नेता येते! शिडीवर चढा, माळ्यावर जा. कुणाच्या घरात प्लग शोधायला नको, कुणाला 'वहिनी, जरा बटण दाबा' म्हणायला नको. आपण आपले मोकळे."

"मग वायरवाली विक."

"बुवा, तुम्ही थट्टा करताय."

"तू दोन्हीकडून बोलतोस, मी दोन्हीकडं मान हलवतोय. यात थट्टा कोण करतंय?"

बुवांनी पेरूची एक बी दाढीतून शोधून काढली, उन्हात धरून बघितली आणि टाकली.

"तालुक्याचा रस्ता खालून जातो," बुवा म्हणाले. "मशीन विकायला निघालेला माणूस एवढी चढण चढून वर येत नाही. खरं काय ते विचार."

"हेच खरं."

"बरं."

बुवांनी दुसरा पेरू घेतला.

तो अर्धा संपला, तरी दिगू उठला नाही. बॅटरीवालीवर धूळ नव्हती, तरी तो ती बाहीनं पुसत राहिला.

"बुवा... तात्या शेवटी माझ्याशी बोलत का नव्हते?"

तात्या म्हणजे दिगूचे वडील. कार्तिकात वारले. पंचक्रोशीतली निम्मी दारं त्यांच्या हातची. अर्धांगानं एक बाजू गेली, तेव्हापासून मधल्या खोलीत खाटेवर. त्या खोलीला खिडकी नाही. कान तर त्याच्याही आधी गेलेले, इतके की दिवाळीत कुणी उशाशी फटाका लावला असता, तरी म्हातारा कूस बदलून झोपला असता. दिगूची शेड परड्याच्या पार पलीकडं.

तरी रोज दिवेलागणीला तात्या दिगूला खाटेपाशी बोलावत आणि झाडत.

"आज गाठीवर घाई केलीस."

"आज दुपारभर मशीन बंद. कुणाबरोबर चकाट्या पिटत होतास?"

"दाबून धरतोस फार. लाकूड काय पळून जातंय?"

आणि दर वेळी बरोबर! दिगूचं डोकं चक्रावून जायचं. खाटेवरचा, बहिरा माणूस. याला कळतं कसं? आधी त्याला बायकोचा संशय आला. मालनला त्यानं देवाच्या शपथा घातल्या. मग शेजारच्या पांडबाचा. शेवटी शेडच्या दारात पडून असायचं एक कुत्रं, त्याच्याकडंसुद्धा तो वाकड्या नजरेनं बघायला लागला. चाळिशी उलटलेला, दोन गावांत नाव असलेला मिस्त्री, आणि रोज संध्याकाळी शाळेतल्या पोरासारखा खाटेपुढं उभा.

श्रावणात बॅटरीवाली आली.

आणि बोलणं बंद झालं.

एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. तात्यांनी हाकच मारली नाही. दिगूची छाती एवढी फुगली. तो मालनला म्हणाला, बघ, म्हाताऱ्याला आता खोट काढायला जागाच उरली नाही. पारावर म्हणाला, न्हाव्याकडं म्हणाला. गणपतीत तर त्यानं पेढे वाटले. तात्यांनी नांगी टाकली त्याचे पेढे! लोकांनी खाल्लेसुद्धा. लोक कशाचेही पेढे खातात.

पुढं तात्या कशालाच बोलेनात. दिगू दारातून डोकावे, ते वर आढ्याकडं बघत असत. दिगू हात-पाय धुवायला निघून जाई. बहिऱ्या माणसाशी आपण होऊन काय बोलायचं? असाच कार्तिक आला.

"खूश होऊन गप्प झाले का रागावून, एवढं कळलं ना बुवा, तरी..." दिगूनं वाक्य तिथंच सोडलं.

बुवांनी हात धोतराला पुसले.

"माझं दार घासतंय," ते म्हणाले. "उंबऱ्याला लागतं. रंधून दे."

"मी काय विचारतोय, बुवा..."

"आणि मी काय सांगतोय?"

माळावर, धुळोबाच्या देवळामागं, बुवांची दगडी खोली. आत भरदिवसा अंधार, म्हणून एक पिवळा बल्ब कायम चालू. दिगूनं बिजागऱ्या सोडवल्या, दार बाहेरच्या ओट्यावर आडवं घातलं. मनातून तो चिडला होता. माणूस काळीज काढून दाखवतोय आणि या म्हाताऱ्याला फुकटात सुतारकाम करून घ्यायचं सुचतंय.

"आधी बॅटरीवाली," बुवा आत जाताजाता म्हणाले. "तू बाहेर, मी आत. सुरू केलीस की मला कळलं पाहिजे."

दिगूनं बटण दाबलं. मशीन भुर्रकन सुटली. पांढरा किस उडाला.

"लाव की रे!" आतून आवाज आला.

"लावली की, बुवा!"

"अरे, लाव!"

"अहो चालू आहे! आवाज येत नाही का?"

"झोप लागली का तुला?"

दिगूनं कपाळावर हात मारला. हेही म्हातारं कानानं गेलं! त्यानं तोंड मिटून दाराची खालची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत रंधली, मशीन बंद केली.

"झालं, बुवा!"

"सुरू कधी केलीस?" बुवांनी दाराच्या चौकटीतून डोकं बाहेर काढून विचारलं. "आता दुसरी. वायर आत दे, मी लावतो."

दिगूनं वायरचं टोक आत दिलं. बुवांनी ते नेलं. आत बोर्डाचा खट्ट आवाज झाला, मग खाट करकरली.

दिगूनं जुनी मशीन उचलली. हाताला जड लागली. महिनोन् महिने धरली नव्हती. त्यानं बटण दाबलं.

"लावलीस," आतून लगेच आवाज आला.

दिगूनं मशीन लाकडावर टेकवली.

"टेकवलीस."

दिगूला हसू आलं. नाटकं नुसती! तो दाबून पुढं सरकला.

"दाबतोस फार."

पुढं गाठ होती. मशीन घुमली.

"गाठ आली. हळू. लाकूड काय पळून जातंय?"

दिगूचा हात थांबला.

"थांबलास का?"

किस वाऱ्यानं ओटाभर फिरत होता. मशीन तशीच हातात धरून, मागं वायर ओढत, तो आत गेला.

सिदूबुवा खाटेवर उताणे पडले होते. दोन्ही कानांत दोन बोटं खुपसलेली. डोळे वर बल्बवर.

दिगूनं बुवांकडं बघितलं. मग बल्बकडं.

मग हातातल्या मशीनचं बटण त्यानं हळूच दाबलं.

बल्ब लालसर झाला. कुणी मान खाली घालावी तसा.

सोडलं. बल्ब उजळला.

दाबलं... सोडलं... दाबलं.

"पुरे," बुवा म्हणाले आणि कानातली बोटं काढून उठून बसले. "आपल्याकडची लाईनच अशक्त. एकानं ओढलं की दुसऱ्याला कमी पडतं."

दिगू मशीन मांडीवर घेऊन खाली बसला.

"तात्याच्या खाटेवर कुठला दिवा होता?"

"असाच. पिवळा. मी एलईडी आणला होता, तर... फेकून मारला त्यांनी माझ्या अंगावर. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट."

"एलईडी मान खाली घालत नाही," बुवा म्हणाले.

"म्हणजे ते दिवसभर... बल्बकडं..."

"दुसरं काय होतं त्या खोलीत बघायला?"

"आणि बॅटरीवाली आली तेव्हापासून..."

बॅटरीवाली घेतल्यावर त्या बल्बला काय धाड भरली होती हलायला! ती शेडमध्ये दिवसभर गर्जत होती, फळ्याच्या फळ्या पांढऱ्याशुभ्र होत होत्या, आणि इकडं मधल्या खोलीत बल्ब सरळ, ताठ, नुसता जळत होता. सकाळपासून रात्रीपर्यंत.

"दसऱ्याला सोनं द्यायला मी आलो होतो," बुवा म्हणाले. "तात्यानं मला जवळ ओढलं. म्हणाला, दिगूनं धंदा बंद केला का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"कानाशी तोंड नेऊन ओरडलो. म्हटलं, जोरात चाललाय. हातवारे करून दाखवले. तर म्हातारा हसला. म्हणाला, बुवा, जन्मभर तुमची थट्टा ऐकली. आज नको."

दिगू जरा पुढं सरकला.

"मग म्हणाला, पोराला मी फार टाकून बोललो. रोज बोललो. त्यानं हत्यारच खाली ठेवलं. आता मी तोंड उघडणार नाही. माझा आवाज बंद झाला की लावेल परत."

दिगूच्या मांडीवरची मशीन जराशी घसरली. त्यानं ती धरली.

त्या गप्प बसण्याचे पेढे त्यानं गावभर वाटले होते.

"मला का नाही सांगितलंत, बुवा?"

"तसाच शेडमध्ये आलो मी. तू मशीन चालवत होतास, किस उडत होता, तोंडानं गाणं चाललं होतं. मला वाटलं, म्हातारं चळलं."

"आणि हे... दिव्याचं?"

"परवा. आडवा पडलो होतो. खाली मळ्यात कुणीतरी मोटर सुरू केली. बल्बनं मान खाली घातली, आणि मी उठून बसलो." बुवांनी दाढीवरून हात फिरवला. "चप्पलसुद्धा घातली होती तुझ्याकडं यायला. मग आठवलं, तात्या तर गेला. आता कुणाला सांगणार."

बाहेर झाडावर एक होला घुमत होता. बुवांच्या तोंडावर एरवी खोडी सतत खेळत असते, कुणाचा तरी सदरा मागून ओढल्यासारखी. आता ती नव्हती. तिच्याशिवाय त्यांचं तोंड अगदी साध्या म्हाताऱ्यासारखं दिसत होतं.

"मी दारातून डोकावायचो, बुवा. ते वर बघत असायचे. मला वाटायचं, माझ्याकडं बघायचं नाही म्हणून वर बघतात." दिगूचा आवाज फाटला. "एकदा आत गेलो असतो. किस अंगावर तसाच घेऊन आत गेलो असतो. पण मालन ओरडायची म्हणून मी आधी अंग झाडायचो, हात-पाय धुवायचो, स्वच्छ होऊन..."

बुवांनी त्याला रडू दिलं. अडवलं नाही, पाठीवर हातही फिरवला नाही.

खिशात फोन वाजायला लागला. दिगूनं काढून बघितला. वाजून वाजून तो बंद पडला, परत वाजायला लागला.

"तालुक्याचा आहे," दिगू नाक पुसत म्हणाला. "गिऱ्हाईक. वाट बघतोय. कोणती देऊ, बुवा?"

बुवा परत खाटेवर आडवे झाले. करकर झाली.

"दार झालं का?"

"झालं."

"परत लाव."

"बुवा, कड सरळ झालीय. अजून रंधली तर खाली फट पडेल." त्यानं बाहेर ओट्याकडं बघितलं. "रंधायला आता काही उरलं नाही."

बुवांनी दोन्ही कानांत बोटं घातली, डोळे वर लावले.

"मग नुसती चालव."