जोडलेलं आणि चालणारं

“...पण जोडलेलं आहे ना सगळं?” सोमगिरी महाराजांनी विचारलं.

“जोडलेलं आहे, महाराज.”

“मग?”

“चालत नाही!”

निरंजन टेबलाखाली पालथा पडून यूएसबीच्या वायरी चाचपत होता. बाहेर फक्त त्याची पावलं दिसत होती, आणि ती पावलंसुद्धा चिडलेली वाटत होती.

मठाच्या सभामंडपात सकाळपासून हेच चाललं होतं. समोर घोंगडीवर कोंडामाई बसल्या होत्या, एका हातात एकतारी, दुसऱ्या हातात चिपळ्या. महाराजांच्या थोरल्या गुरुभगिनी. मठाची जुनी पदं आता या एका म्हातारीलाच येत होती, आणि तिच्या छातीत दम्यानं घर केलं होतं. डॉक्टरांनी गाऊ नका म्हणून बजावलं होतं. तरी त्या आल्या होत्या.

पदं रेकॉर्ड करून ठेवायची ही कल्पना निरंजनची. पुण्यातली बड्या पदाची नोकरी सोडून तो मठात आला होता. नोकरी सुटली होती, हुशारीचा ताठा काही सुटला नव्हता. एकाच संगणकाला त्यानं सगळं जोडलं होतं. माईंच्या गळ्याशी माइक, एकतारीशी माइक, चिपळ्यांशी माइक, खांबाखांबाला कॅमेरे, साठवायला डिस्क. संगणकाला तेवढ्या खाचा नव्हत्या, म्हणून एका खाचेच्या चार खाचा करणारे हब आणले. एका हबमधून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा.

“हं, माई. घ्या आता.”

माईंनी एकतारी छेडली.

“वाऱ्याचिया घरा, कोण लावी दार...”

“थांबा, थांबा! माइक गेला.”

माई थांबल्या. पदर तोंडाशी धरून खोकल्या.

निरंजननं एक वायर काढली, दुसरीकडे खोचली. पडद्यावर जोडलेल्या सगळ्या यंत्रांची नावं उमटली.

“घ्या, माई.”

“वाऱ्याचिया घरा...”

“थांबा! आता डिस्क गेली.”

“लेकरा,” माई म्हणाल्या, “दार उघडून दर वेळी उंबऱ्यावरच उभी करतोस रे मला.”

निरंजनचे कान लाल झाले. त्याला म्हातारीचा राग येत नव्हता. राग यंत्राचा होता. आणि महाराज शेजारी बसून शांतपणे बघत होते, त्याचा जरा जास्तच होता.

“का बरं जातं एकेक?” महाराजांनी विचारलं.

“संगणकाच्या आत ठरावीक जागा असतात, महाराज. एक कॅमेरा एकटाच चार-पाच जागा अडवतो. शिवाय सगळ्यांचे आवाज, सगळ्यांची चित्रं एकाच वाटेनं आत यायची. वीजही तिथूनच वाटून घ्यायची. मग कुणाला तरी उपास घडतो.”

“कुणाला?”

“ते काही ठरलेलं नसतं.”

“मग तुला हे आधी ठाऊक नव्हतं?”

“पुस्तकात एकशे सत्तावीस जोडता येतात असं लिहिलंय!” निरंजन जवळजवळ ओरडलाच. “मी तर त्याच्या पाव हिश्श्यालाही पोचलो नाही!”

“पुस्तकात माणसाला शंभर वर्षं लिहिलीत,” महाराज म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

निरंजन पुन्हा टेबलाखाली शिरला...

थोड्या वेळानं मंडपाच्या पायऱ्यांवर खूर वाजले.

महाराज परत आले होते. त्यांच्या हातात दावं होतं, आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला मठाची तांबडी गाय.

दाव्याचं टोक त्यांनी निरंजनपुढे धरलं.

“हिलाही जोड.”

निरंजन बघतच राहिला. “महाराज... ही गाय आहे.”

“माईच्या गाण्यात गाईचं हंबरणं असायचं. लहानपणापासून ऐकतोय. जोड.”

“कुठं जोडू?”

“कुठंतरी जागा काढ. इतकं जोडलंयस. एका गाईनं काय होतंय?”

आता मात्र निरंजनचा बांध फुटला.

“एकानंच होतं, महाराज! एकानंच! मठाचे ट्रस्टी म्हणाले, परदेशातल्या भक्तांसाठी एक कॅमेरा जास्त लाव, एकानं काय होतंय? पदांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, चिपळ्यांचा माइक वेगळा हवा, एकानं काय होतंय? जो येतो तो हेच म्हणतो! आणि मी... मीसुद्धा दर वेळी...”



गाईनं शेपटी हलवली. माई पदराआड हसत होत्या.

...



मग निरंजन टेबलाखाली वाकला. शेवटचा हब त्यानं ओढून काढला. मग त्याच्या आधीचा. कॅमेरे काढले. एकतारीचा माइक हातात घेऊन जरा घुटमळला, तोही काढला. माईंच्या गळ्याशी होता तेवढा माइक राहू दिला. त्याची वायर सरळ संगणकात खोचली.

“माई,” तो हलकेच म्हणाला, “जमेल?”

“बघू या. एवढी एक खेप.”

माईंनी डोळे मिटले. पहिली ओळ आली. दुसरी आली. दम तुटला तिथं त्या थांबल्या, एकतारी वाजत राहिली, आणि पद पुन्हा उचललं गेलं.

तिसऱ्या कडव्याला निरंजनची नजर कॅमेऱ्याकडे गेली. माईंच्या तोंडावर काय उतरलं होतं! एवढा एकच कॅमेरा... त्याचा हात वायरीकडे सरकला.

महाराजांनी त्या हातात दावं दिलं.

“धर,” ते कुजबुजले. “हिसका मारते.”

गाय खरंच हिसका मारत होती. निरंजननं दोन्ही हातांनी दावं धरलं. पद संपेपर्यंत तो तसाच उभा होता. मधेच केव्हातरी तो पडद्याकडे बघायचं विसरला.

एकतारी थांबली. माईंनी खांबाला डोकं टेकलं.

“झालं, सोमा,” त्या महाराजांना म्हणाल्या. “आज आता नाही.”

निरंजननं रेकॉर्डिंग तपासलं. एकतारी लांबून ऐकू येत होती. चिपळ्या तर जेमतेमच. पण माईंचा शब्द न् शब्द होता, आणि शब्दांमधला दमसुद्धा.

“आलंय, महाराज,” तो म्हणाला. “उरलेली पदं उद्या घेऊ. उद्या... येताना काय काय आणू?”

महाराजांनी मंडपभर पसरलेल्या वायरींवरून नजर फिरवली.

“उद्या एकटा ये.”