पोसू नाखवा आणि पॉलिशचे यंत्र

समुद्रकाठच्या एका कोळीवाड्यात पोसू नावाचा नाखवा, म्हणजे होडीचा धनी, राहत असे. त्याची फायबरची होडी वीस वर्षांची झाली होती. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने तिची कांती पार मावळली होती. नारळी पौर्णिमेला देवीचा नारळ समुद्रात नेण्याचा मान त्या वर्षी तिच्याकडे आला. मानाची होडी धन्याने स्वतः उजळावी, अशी वाड्याची रीत. पौर्णिमेला आठ दिवस उरले होते.

पोसू हौसाबाईंच्या दुकानात गेला. पतीच्या मागे यंत्रांचे हे दुकान त्या एकट्याच चालवीत. त्यांनी पॉलिशची दोन यंत्रे पुढे ठेवली.

"हे एका जागी गरगर फिरतं. जोर मोठा, पण क्षणभर थांबलं तर वरचा लेप जाळतं. दुसरं डुलत डुलत फिरतं. वेळ खातं, पण होडीला जपतं. तुमचा हात या कामाला नवा, नाखवा. डुलणारं न्या."

पोसू हसला. "बाय, वादळात सुकाणू धरणारा हात हा! त्याला पाळणा झुलवायला सांगताय?"

दुकानातले लोक खदखदून हसले. पोसूने ऐटीत जोराचे यंत्र उचलले.

दोन दिवसांत होडीची डावी बाजू आरशासारखी झाली. बघणाऱ्यांनी वाहवा केली आणि पोसूला अहंकार चढला. तिसऱ्या दिवशी होडीच्या टोकाशी एक डाग हटेना. त्याने यंत्र तेथेच दाबून धरले. जळका वास आला. यंत्र उचलले, तो तळहाताएवढा लेप जाऊन आतले तंतू उघडे पडले होते.

वाड्याचे चांगा पाटील धावत आले. "अरे, हे काय झालं?"

खरे उत्तर पोसूच्या ओठांवर होते. भोवती माणसे होती, म्हणून त्याने ते गिळले. तो म्हणाला, "यंत्रच खोटं निघालं. बाईनं फसवलं मला."

संध्याकाळपर्यंत ती गोष्ट घरोघरी पोचली. ज्यांनी हौसाबाईंकडे नवी यंत्रे सांगून ठेवली होती, त्यांनी "नको" म्हणून निरोप धाडले.

हौसाबाई किनाऱ्यावर आल्या. त्यांनी ते यंत्र एका फळीवर चालवून पाहिले. त्यात काहीच दोष नव्हता. त्या पोसूकडे पाहत राहिल्या. पोसूने नजर वाळूत पुरली.

"हे मी परत नेते," त्या म्हणाल्या. "डुलणारं ठेवून जाते. टोकाला नवा लेप लावून घ्या. देवीचं काम अडायला नको."

पोसूने टोकाला नवा लेप लावून घेतला आणि त्या डुलणाऱ्या यंत्राने उरलेली होडी उजळली. ती अधिकच सुंदर दिसू लागली. जो येई तो वाखाणी, आणि प्रत्येक स्तुतीसरशी पोसूला स्वतःची शिसारी येई.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. नारळ ठेवण्यापूर्वी धन्याने होडीवर तळहात टेकून देवीपुढे म्हणायचे असे, "हिचं जे झालं, ते या हातानं झालं." सारा वाडा जमला होता. हौसाबाई मागे उभ्या होत्या. त्यांच्याजवळ कोणीही उभे नव्हते.

पोसूने तळहात टेकला, पण शब्द फुटेना.

"बोल ना रे," पाटील म्हणाले. "भरती काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

"पाटील, हे अर्धंच म्हणता येतं का?"

"देवीपुढं अर्धं? नाही."

पोसू वाड्याकडे वळला. "मग सगळं ऐका. यंत्र चांगलं होतं. बायनं बजावलं होतं, मी ऐकलं नाही. होडी या हातानं जाळली आणि या तोंडानं बायचं नाव जाळलं."

पाटलांनी नारळ उचलून शेजारच्या होडीच्या नाखव्याच्या हाती दिला. पोसू बाजूला झाला आणि जाऊन हौसाबाईंच्या पायांशी वाकला.

त्या मागे सरल्या. "माझ्यापुढं वाकू नका, नाखवा. ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं, त्यांच्या दारी जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी पोसू घरोघरी गेला. कोणी हसले, कोणी टोमणा मारला, कोणी ऐकून दार लावले. वाड्यात सत्तर घरे होती. सत्तराव्या दारीही त्याची मान वर झाली नाही.

तात्पर्य: चूक ही हाताची असते, ती दुसऱ्याच्या माथी मारली की तिचे पाप होते. आणि जे खोटे घरोघरी पोचवले, ते त्याच तोंडाने, खालमानेने, घरोघरी जाऊन परत घ्यावे लागते.