न चुकता दंडफेरी

"पाचही गोळ्या लागल्या होत्या ना तुमच्या? मग दंडफेरीत का वळलात?"

फ्रोनीने दारातूनच विचारलं. नमस्कार-चमत्कार काही नाही.

बुर्गी रीगर शाळेतल्या मुलांच्या स्कींना इस्त्रीने मेण लावत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"दार लाव. मेण गार होतंय."

आपल्याकडे हा खेळ कुणी खेळत नाही, म्हणून आधी थोडं सांगायला हवं. पायांत स्की, म्हणजे लांब पट्ट्या, बांधायच्या, पाठीला बंदूक अडकवायची आणि बर्फातून ऊर फुटेस्तोवर पळायचं. मग थांबायचं. पन्नास मीटरवर पाच काळ्या तबकड्या असतात, तिथून त्या टिकल्यांएवढ्या दिसतात. पाच गोळ्या झाडायच्या. लागली की टिकली पांढरी होते. जितक्या चुकतील तितक्या दंडफेऱ्या: बाजूलाच दीडशे मीटरचं रिंगण असतं, त्याला तितके वेढे घालायचे, मगच पुढे पळायचं. धावत चार जिने चढायचे आणि वर पोचल्याबरोबर सुईत दोरा ओवायचा, तसा हा प्रकार.

बुर्गी ही त्या खेळातली एके काळची वाघीण. जर्मनीच्या दक्षिणेला, बव्हेरियाच्या डोंगरातलं तिचं गाव. बायकांना या खेळात घेत नव्हते तेव्हा ती भावाच्या गोळ्या सांभाळायला मैदानावर जायची. घ्यायला लागले, त्याच हिवाळ्यात भावाची बंदूक मागून घेऊन उतरली. चौदा वर्षं खेळली. दोन रौप्यपदकं आणली.

पण लोकांच्या लक्षात राहिली ती तिची शेवटची शर्यत.

शेवटच्या थांब्यावर पाचच्या पाच टिकल्या पांढऱ्या. समोर मोकळा रस्ता. सुवर्णपदक हातात आल्यासारखंच. आणि बाई वळल्या कुठे, तर दंडफेरीत! सगळं रिंगण घालून बाहेर आल्या. तेवढ्यात तिघी पुढे निघून गेल्या. चौथा नंबर. चौथ्याला पदक नसतं.

कुणी म्हणालं, सवयीने वळली. कुणी म्हणालं, डोकं फिरलं. बुर्गी नुसती हसली. अठ्ठावीस वर्षं झाली, अजून हसतेच आहे.

आणि आज ही फ्रोनी विचारायला आली होती.

फ्रोनी बावीस वर्षांची. नाकावर माशी बसू न देणारी. अख्ख्या देशात हिच्यासारखा नेम नाही, असं लोक म्हणत आणि तिलाही ते पटलेलं होतं. पण दोन महिन्यांपासून पाचव्या गोळीला घोडं अडत होतं. चार टिकल्या पांढऱ्या झाल्या की पाचवी चुकेल या धास्तीने बोट चापावर गोठायचं. मागच्या रविवारी ती पस्तीस सेकंद तशीच उभी राहिली. नऊ जणी शेजारी आल्या, गोळ्या झाडून निघूनही गेल्या.

उद्या संघनिवडीची शेवटची शर्यत होती. उद्याही असंच झालं तर बंदूक कायमची खुंटीला. प्रशिक्षकाने हात टेकले आणि सांगितलं, "बुर्गीकडे जा."

"मला नेम शिकवा, फ्राऊ रीगर." फ्राऊ म्हणजे बाई. एवढा मान तरी फ्रोनीने राखला.

"तुझा नेम माझ्याहून चांगला आहे."

"मग पाचवी गोळी शिकवा."

"ती चौथीसारखीच असते."

फ्रोनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "थट्टा करताय माझी?"

"हो."

बुर्गीने हातातली स्की उलटी केली.

"दंडफेरी कशी असते, ठाऊक आहे का तुला?"

"माझ्यावर फारशी वेळ येत नाही," फ्रोनी मान ताठ करून म्हणाली.

"तेच म्हटलं." बुर्गीने इस्त्री बंद केली. "चल."

मैदान घरामागेच होतं. दुपारचं ऊन बर्फावर पडलं होतं, डोळे दिपत होते. बुर्गी एका ओंडक्यावर बसली आणि तिने खिशातून सफरचंद काढलं.

"घाल फेरी."

"गोळ्या न झाडताच?"

"आधी शिक्षा घे. गुन्ह्याचं मग बघू."

फ्रोनीने दात आवळले आणि सुटली. मान खाली, कोपर अंगाशी. वेढा घालून परत येऊन उभी राहिली.

"काय दिसलं?"

"काय दिसायचंय? बर्फ."

"आणखी एक."

दुसऱ्या फेरीनंतर फ्रोनी घड्याळ बघत म्हणाली, "बावीस सेकंद!"

"मी वेळ विचारली नव्हती. आणखी एक."

तिसरी फेरी संतापात गेली. चौथीनंतर ती करवादली, "एक वाकडं झाड आहे! झालं समाधान?"

"अर्धं झालं. झाडाच्या पुढे काय आहे?"

आयुष्याची नऊ वर्षं फ्रोनी या मैदानावर येत होती, आणि झाडापुढे काय आहे हे तिला सांगता येईना.

ती न सांगताच पाचव्या फेरीला गेली. या वेळी परत आली ती सावकाश.

"उतार आहे," ती म्हणाली. आवाजात नवल होतं. "झाडापुढे जरासा उतार आहे. तिथे काही करावंच लागत नाही. आपोआप..."

"चौदा वर्षं मी तिथेच दम खाल्ला," बुर्गी म्हणाली. तिने उरलेलं सफरचंद खिशात टाकलं, आपल्या जुन्या स्की पायांत चढवल्या. गुडघा दुखरा, वय साठ, पण निघाली. फ्रोनी मागोमाग.

वाकडं झाड आलं. उतार आला. बुर्गीने दोन्ही हात पसरले आणि लहान पोरीसारखी ओरडली, "हुईऽऽऽ!"

वळण तिला दिसलंच नाही. ती थेट बर्फाच्या ढिगात जाऊन बसली. पाय वर, टोपी भलतीकडे.

फ्रोनीला हसू फुटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आवरता आवरेना. ढिगातली बुर्गी तर तिच्याहून मोठ्याने हसत होती.

"एकदा पाचच्या पाच चुकवल्या होत्या मी," ती डोळे पुसत म्हणाली. "अख्ख्या देशासमोर. पाच फेऱ्या. तिसरीपासून लोक टाळ्या वाजवायला लागले. पदकं घेताना कधी इतक्या वाजल्या नव्हत्या."

"लाज नाही वाटली?"

"दोन फेऱ्या वाटली."

फ्रोनीने हात देऊन तिला उठवलं.

"आता बंदूक घे," बुर्गी म्हणाली.

फ्रोनी उभी राहिली. श्वास सोडला. एक. दोन. तीन. चार. चार टिकल्या पांढऱ्या.

पाचवी काळी.

बोट चापावर गेलं आणि... थांबलं. तीच धास्ती. तेच गार बोट. उद्याची शर्यत, प्रशिक्षकाचा चेहरा, घरातली ती खुंटी, सगळं त्या एका टिकलीत येऊन बसलं.

पाठीमागे बुर्गी उरलेलं सफरचंद खात होती. कर्रम्... कर्रम्...

मग म्हणाली, "फार वेळ लावू नकोस गं. उतारावरचं ऊन चाललंय."

फ्रोनीच्या डोळ्यांपुढे ते वाकडं झाड आलं. ढिगातले दोन पाय आले. तिचे खांदे हसण्याने हलले, मग सैल झाले. बोट कधी वळलं ते तिला कळलंही नाही.

पाचवी टिकली पांढरी झाली.

फ्रोनीने ती नीट पाहिली. बंदूक पाठीला अडकवली. समोरचा रस्ता मोकळा होता.

ती दंडफेरीत वळली.

"अगं पोरी!" बुर्गी उठून ओरडली. "लागली! पाचवी लागली!"

"माहितीये!" वाकड्या झाडाजवळून उत्तर आलं. आणि पाठोपाठ उतारावरून, दोन्ही हात पसरून, "हुईऽऽऽ!"

परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते, धाप लागली होती, डोळ्यांत पाणी होतं. आनंद तिच्या अंगात मावत नव्हता.

"कळलं मला! फ्राऊ रीगर, तुम्ही त्या दिवशी का वळलात ते मला कळलं!"

बुर्गीचं चावणं थांबलं. तिने हात कोटाला पुसले, लगबगीने जवळ आली आणि कान पुढे केला.

"मग सांग की गं मला! अठ्ठावीस वर्षं विचार करतेय मी."